ओटीपी आणि ओहोटी

सव्वादोनला फोन आला, जेवून नुकता आडवा झालो होतो.
बँकेच्या हेड ऑफिसातून.
"मिस्टर विश्राम खावनेकर?"
खवणेकर, म्हटलं. खावनेकर तू असशील.
तो हसला नाही.
त्यांना हसायची परवानगी नसते बहुतेक.

आपका खाता आज शाम को बंद हो जायेगा.
अरे देवा, मी म्हटलं.
एकतीस वर्षं वेंगुर्ल्याच्या बंदरावर वादळाचे बावटे चढवले मी,
अरे देवा केव्हा म्हणायचं
आणि किती लांबवायचं, ते मला शिकवायला नको.

थांब हां बाळा, चष्मा बघतो, म्हणून
फोन उपडा ठेवला पाटावर
आणि नाकावरचा चष्मा शोधायला
परसात गेलो.
वाळत घातलेली सोलं उलटली, एकेक करून.
पंप बंद केला. माडाखालची झावळ ओढून कडेला लावली.
परत आलो, तर होता.
सर? हॅलो सर? सर, आप हैं?
गळाला लागलेल्या तांबोशीलाही थोडा वेळ वाटत असेल
की दोरी आपणच ओढतोय.

ओटीपी विचारला. सहा आकडे.
भिंतीवरच्या कोष्टकातून वाचून दाखवला:
शून्य चार, एक सात, दोन दोन.
गलत है, म्हणाला.
गलत कसा असेल? पहाटे चार सतराला भरती, दोन मीटर वीस.
मग दुसरा दिला: एक शून्य, तीन एक, शून्य सहा.
तोही चालेना.
ती ओहोटी होती रे,
तुझी होडी चिखलात बसणारच.

नाताळाच्या आधी इनासिनाने असेच सहा आकडे सांगितले होते कुणाला तरी,
खरे.
एक लाख चाळीस हजार.
कुंपणापलीकडे राहते, आणि मला कळलं शिमग्यात.
मासळीवालीला दारातूनच परत पाठवायची,
पोट बरं नाही म्हणून.
नाताळात तिच्याकडच्या नेवऱ्या आल्या नाहीत
तेव्हाही मी विचारलं नाही.

चार वाजले. होड्या लागायची वेळ.
फोन खिशात टाकला, चालूच, आणि बंदरावर गेलो.
आता पोराने साहेबाला दिला होता. आवाज जाड.
कार्ड चालू करायला फी पडेल.
कितना? मी ओरडलो, वारा होता ना,
आणि स्पीकर लावून फोन धरला
थेट जयवंती तांडेलच्या कानाशी.
तिचा लिलाव चाललेला,
पेडव्यांची पाटी, साडेचारशेवर अडलेली.
पाँच हजार! साहेब गरजला.
जयवंतीने मान वर केली नाही.
पाच हजार एक वार.
पाच हजार दोन वार.
पाच हजार तीऽन वार, दिली!
कोण तो?
हेड ऑफिस, मी म्हटलं.
खंयचा? असू दे, लिही रे.

त्या दिवसापासून फोन मी करतो.
पेडवे पडून आहेत साहेब, वास सुटलाय.
आपलं खातं थकलंय.
आज संध्याकाळपर्यंत भरणा न केल्यास.
आठ दिवस उचलला त्यांनी. शिव्या घातल्या, आईच्या, बहिणीच्या,
आणि एकदा, मागे कुणी नसावं तेव्हा,
त्या पहिल्या पोराने हळूच विचारलं,
सर, पेडवे म्हणजे काय? दिसतात कसे?
वीतभर, म्हटलं. चंदेरी. काटे फार.
मग नंबर बंद लागायला लागला.

जयवंतीच्या वहीत नाव आहे अजून,
मोर्जे आणि कुबलांच्या खाली:
हेड ऑफिस, येणे पाच हजार.

पाटी त्याच संध्याकाळी इनासिनाकडे पोचती केली होती.
कोणी धाडल्यान, म्हणाली.
बँकेने.
ती बघतच राहिली माझ्याकडे.
मग अडाळा घेऊन पायरीवर बसली,
पहिला पेडवा उचलला, आणि
मान खाली घालून म्हणाली,
व्याज खंय?